बंगलोरच्या कॉन्फरन्सला जा, पण पाकिटाचा हिशोब बरोबर ने

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि तिथंच चार ओळीत उत्तर देणार होतो, पण टाइप करता करता ते लांबतच गेलं, म्हणून आता सरळ पत्रच लिहितोय. चहा घेऊन बस आणि निवांत वाच.

बंगलोरच्या डिजिटल मार्केटिंग कॉन्फरन्सला जाऊ का असं विचारलंयस. जा की! बेळगावहून रात्रीच्या गाडीत बसलीस की सकाळी उतरशील, चंदगडहून बेळगाव म्हणजे काही लांब नाही आणि आपलं काजूचं युनिट दोन दिवस बाबा बघतील. पण तू पुढं जे लिहिलंयस ना, की "तिथं सगळे मोठे मोठे लोक येणार, शिकायला मिळेल, मग वेबसाइटवरचा काजू धडाधड विकला जाईल", तिथं मी थोडा थांबलो. शिकायला मिळेलच, फक्त काय शिकायचं ते जायच्या आधी घरी बसून ठरवावं लागतं आणि त्यासाठी तुला एकच गोष्ट करायचीय, ती म्हणजे एका पाकिटामागे शेवटी हातात किती उरतात तो आकडा काढायचा. हा आकडा पाठ नसताना मार्केटिंगच्या कॉन्फरन्सला गेलीस तर प्रत्येक स्पीकर खरा वाटतो, आणि ते फार महागात पडतं.

तू नाही काढलास तर मीच काढून दाखवतो, आकडे अंदाजे आहेत, तुझे टाकून बघ. समज ३२० नंबरचा (म्हणजे दाण्याच्या आकाराची ग्रेड) अर्धा किलो काजू तू वेबसाइटवर ६५० ला विकतेस. त्यात काजू स्वतः ४३० चा, पाउच आणि खोका २५, कुरिअर ७०, पेमेंट गेटवेवाले, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारे, साधारण १५ कापणार आणि ५ टक्के जीएसटीचे ३१ सरकारला. झाले ५७१. उरले ७९. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वजा मिळणं) वगैरे बारीक गोष्टी सोडून दिल्यात, ते तुझा सीए बघेल, आणि लाइट बिल, बायकांची मजुरी, तुझा स्वतःचा वेळ हे सगळं अजून धरलेलंच नाही. म्हणजे जाहिरातीवर खर्च करायला तुझ्याकडे एका ऑर्डरमागे जास्तीत जास्त ७९ रुपये आहेत, त्याच्या पुढचा प्रत्येक रुपया तुझ्या खिशातला.

आता कॉन्फरन्समध्ये काय होतं बघ. स्टेजवर एक जण येतो, स्मार्ट पोरगा असतो, स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की आम्ही ४ पट रोआस मिळवला. रोआस म्हणजे जाहिरातीवर १ रुपया घातला तर विक्री किती रुपयांची झाली. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. तू पण काढशील. पण तुझ्या पाकिटाला ४ पट म्हणजे काय? ६५० ची विक्री व्हायला १६२ रुपये जाहिरातीत गेले. हातात उरणार होते ७९. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे ८३ रुपये घालवून तू यशस्वी झालीस! तुला नुसतं ना नफा ना तोटा यायला आठपटीच्या वर रोआस लागतो. आणि तोच पोरगा जर पाच हजाराचा ऑनलाइन कोर्स विकत असेल तर जीएसटी आणि गेटवे जाऊन त्याच्या हातात चार हजाराच्या वर राहतात, कुरिअर नाही, काजू नाही, खोका नाही, त्याला सव्वापट रोआस आला तरी तो तोट्यात जात नाही. दोघांची स्लाइड सारखीच दिसते. म्हणून म्हणतोय, तो ७९ चा आकडा मोबाइलच्या वॉलपेपरवर लावून जा.

हाच आकडा कॉन्फरन्सच्या खर्चालाही लावायचा बरं का. तिकीट, रेल्वे, लॉज, रिक्षा, खाणं धरून समज १५ हजार गेले. भागिले ७९. म्हणजे १९० पाकिटं विकल्यावर जे उरतं ते तू दोन दिवसांत खर्च करतेयस. घाबरवायला नाही सांगत, असे १५ हजार वसूल होतातही, पण मग तिथं मागच्या खुर्चीत बसून रील्स बघायच्या नाहीत.

अजून एक तयारी म्हणजे वेळापत्रक आधी नीट वाच. बऱ्याच कॉन्फरन्समध्ये काही सेशन्स स्पॉन्सरची असतात, म्हणजे स्टेजवरचा वेळ विकत घेतलेला असतो, त्यात चूक काही नाही, हॉलचं भाडं त्यातूनच निघतं, पण तिथं जो बोलतो तो त्याचं सॉफ्टवेअर विकायला आलेला असतो हे डोक्यात ठेवून ऐकायचं. बाकीच्यातही निम्मेअर्धे जाहिरात एजन्सीवाले, ते क्लायंट शोधायला आलेले. मग ऐकायचं कोणाचं? जो आपला खर्च सांगतो त्याचं. जो काय फसलं ते आकड्यासकट सांगतो त्याचं.

याचं एक नामी उदाहरण आहे. २०१० मध्ये ड्रॉपबॉक्सचा, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायला जागा देणाऱ्या कंपनीचा, ड्रू ह्यूस्टन सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका स्टार्टअप कॉन्फरन्समध्ये बोलला, आणि त्यानं स्लाइडवर सरळ दाखवलं की गूगलवर जाहिराती देऊन आम्हाला एक ग्राहक २३३ ते ३८८ डॉलरला पडत होता आणि विकत होतो ते प्रॉडक्ट ९९ डॉलरचं. बघ, इतक्या मोठ्या कंपनीचा माणूस आमचं गणित उलटं होतं असं चारचौघांत सांगतोय. मग त्यांनी काय केलं, तर मित्राला आणलंत तर तुम्हाला पण आणि मित्राला पण फुकट जास्तीची जागा, आणि सप्टेंबर २००८ मधले एक लाख युजर जानेवारी २०१० पर्यंत चाळीस लाख झाले. हे ऐकून आल्यावर निम्मे लोक घरी जाऊन रेफरल स्कीम काढतात. तू काढू नकोस, निदान लगेच नको. ड्रॉपबॉक्सला ती जास्तीची जागा द्यायला जवळजवळ काहीच पडत नव्हतं, ग्राहक ती पूर्ण वापरत पण नाही. तू मित्राला आणल्याबद्दल दोघांना शंभर शंभर ग्रॅम काजू दिलास तर ते आजच्या भावानं १७२ रुपये झाले, म्हणजे ७९ चा खेळ पुन्हा संपला. त्या भाषणातून घ्यायचं ते वेगळंच आहे, की त्यांनी आधी एक ग्राहक कितीला पडतो ते मोजलं, मोजल्यावर जाहिरात आपल्याला परवडत नाही हे मान्य केलं आणि मग आपल्याकडे स्वस्तात देण्यासारखं काय आहे ते शोधलं. तुझ्याकडे स्वस्तात देण्यासारखं काय आहे? मला विचारशील तर काजू फोडताना, सोलताना, ग्रेड लावतानाचं जे रोज तुझ्या डोळ्यासमोर चाललेलं असतं ते. ओला काजू, बोंडू म्हणजे काजूचं फळ, टरफलाचं तेल हाताला लागू नये म्हणून बायका काय करतात, ३२० नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे दाणे, हे पुण्यामुंबईच्या किती लोकांना माहितीय? मोबाइल आहे, हात स्थिर ठेव आणि शूट कर, खर्च शून्य.

स्टेजवरच्या युक्त्यांबद्दल अजून एक. कुठलीही युक्ती तिथं पाचशे लोकांनी एकदम ऐकली की ती युक्ती राहतच नाही. इंटरनेटवरची पहिली गाजलेली बॅनर जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड नावाच्या साइटवर एटी अँड टी कंपनीनं लावली होती आणि बघणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केलं होतं. ४४ टक्के! आज साध्या बॅनरला शंभर लोकांमागे एक क्लिक मिळालं तर एजन्सीवाला पार्टी देईल. लोक सरावतात, डोळे आपोआप दुसरीकडे जातात. आणि गूगल, मेटा (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) वगैरे ठिकाणी जाहिरातीची जागा लिलावानं जाते, म्हणजे तोच कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात तो शब्द), तीच ऑडियन्स सगळ्यांनी एकदम पकडली की भाव वर. त्यामुळं "सध्या हे जोरात चालतंय" असं कोणी म्हणालं की ते लिहून घे, पण शेजारी हेही लिही की हे ऐकणाऱ्यांत माझ्याच धंद्यातले किती होते. ड्रायफ्रूट विकणारे अजून तिघे त्या हॉलमध्ये असतील तर दिवाळीत ते पण तेच करणार आहेत.

आता डॅशबोर्ड, म्हणजे जाहिरातीचे आकडे दाखवणारं पान. हा विषय तिथं खूप निघेल आणि बोलणारे इतक्या भरभर बोलतात की मला पण चहा लागतो मध्ये. तू मेटावर पण जाहिरात देतेस आणि गूगलवर पण. महिनाअखेरीला मेटा म्हणतं आम्ही ४० ऑर्डरी आणल्या, गूगल म्हणतं आम्ही ३५, आणि तुझ्या वहीत एकूण ऑर्डरी ५२ च असतात. कोणी खोटं बोलत नाही. मेटा नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लिक केल्यापासून सात दिवस आणि नुसती जाहिरात बघितली तरी एक दिवस, त्यात झालेली ऑर्डर आपली धरतं, गूगल त्याच्या क्लिकपासून साधारण महिनाभर धरतं, आणि एकाच बाईनं सकाळी इन्स्टावर बघितलं, रात्री गूगल केलं आणि घेतलं तर ती दोघांच्याही खात्यात जमा. लग्न जमल्यावर दोन मध्यस्थ म्हणतात ना, स्थळ मीच आणलं, तसंच. नवरीच्या बापानं दोघांना पूर्ण आहेर द्यायचा नसतो. तू वही धर आणि बँकेचं स्टेटमेंट धर.

आणि कोणती जाहिरात खरंच कामाची आहे हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे ती बंद करून बघणं. हे मी मनानं नाही सांगत, ईबे या ऑनलाइन खरेदीविक्रीच्या कंपनीनं हे केलं होतं २०१२ मध्ये. लोक गूगलवर, याहूवर "ईबे" असं टाइप करायचे तेव्हा वर ईबेचीच पैसे देऊन लावलेली जाहिरात दिसायची. त्यांच्या अर्थशास्त्रज्ञांनी याहू आणि एमएसएनवर ती जाहिरात बंद करायला लावली तर कळलं की गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या रिझल्टवरून आलेच! ज्याला ईबेवरच जायचं होतं तो गेलाच, फक्त कंपनी त्याचे पैसे भरत होती. पुढं बाकीच्या शब्दांवरच्या जाहिरातीही काही भागात बंद करून बघितल्या तर नवीन आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला, नेहमीच्या ग्राहकांवर जवळपास नाहीच. तुझ्या अकाउंटमध्ये तुझ्याच ब्रँडच्या नावावर एक कॅम्पेन चालू आहे, मागच्या वेळी मी बघितली. ती दोन आठवडे बंद कर. तुझं नाव टाइप करणाऱ्याला तूच हवी असतेस. (दुसरा कोणी तुझ्या नावावर जाहिरात लावत असेल तर गोष्ट वेगळी, पण काजूच्या छोट्या ब्रँडवर एवढे उपकार कोण करणार.) कॉन्फरन्सला जायच्या आधी बंद केलीस तर परत येईपर्यंत उत्तर तयार असेल आणि तिथं लोकांशी बोलायला तुझ्याकडे स्वतःचा एक प्रयोग असेल. याची तिथं फार किंमत असते, कारण बहुतेक जण दुसऱ्यांचेच आकडे सांगत असतात.

बोलण्यावरून आठवलं, तुला इंग्रजीची धास्ती वाटतेय ते तू लिहिलं नाहीस पण मला कळलं. हॉलमध्ये इंग्रजी चालतं, बाहेर कॉफीच्या टेबलापाशी हिंदी चालते, आणि बंगलोरच्या एजन्सीत काम करणारी सोलापूरची, नांदेडची, कोल्हापूरची पोरं तुला हमखास भेटतील. आणि खरी कॉन्फरन्स बाहेरच असते. हॅरिसन ओवेन नावाच्या माणसानं १९८३ मध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती, वर्षभर राबला त्यासाठी, आणि शेवटी सगळ्यांचं मत काय पडलं तर कॉफी ब्रेक सगळ्यात उपयोगी होते. मग त्यानं १९८५ पासून अख्खी परिषदच कॉफी ब्रेकसारखी भरवायची पद्धत काढली, ओपन स्पेस म्हणतात तिला, आणि तिचा एक नियम असा की जिथं तू शिकत पण नाहीस आणि कोणाला काही देत पण नाहीस तिथून उठ आणि दोन पायांनी दुसरीकडे चालती हो. तू हा नियम साध्या कॉन्फरन्समध्ये पण लाव. लाजायचं नाही. भाषणं पुष्कळदा नंतर यूट्यूबवर येतात, चहाच्या रांगेतला माणूस येत नाही.

त्या माणसाला काय विचारायचं? "कुठलं टूल वापरता" हे नको, त्याचं उत्तर ऐकून तू अजून एक सबस्क्रिप्शन घेशील. विचार की गेल्या वर्षात तुम्ही काय बंद केलंत, आणि का. लोक यावर मनापासून बोलतात, मला तर कधीकधी थांबवावं लागतं. खाण्याच्या वस्तू विकणारा कोणी भेटला, कॉफीवाला, लोणचंवाला, मधवाला, तर त्याला कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल नक्की विचार. परत आलेल्या पार्सलचं जाताना आणि येताना दोन्ही कुरिअर आपल्या डोक्यावर, तुझ्या ७९ मध्ये ते बसतच नाही, मग तो काय करतो? फोन करून कन्फर्म करतो, की आधी पैसे देणाऱ्याला सूट देतो, की बंदच केलंय? असं एक उत्तर जरी पक्कं मिळालं ना तरी माझ्या मते तिकिटाचे पैसे फिटले. आणि बरोबर पन्नास पन्नास ग्रॅमची वीसेक पाकिटं ने. व्हिजिटिंग कार्ड लोक खिशात टाकून विसरतात, काजू तोंडात टाकल्यावर दोन मिनिटं तरी तुझ्यासमोर उभे राहतात. तेवढा खर्च मार्केटिंगमध्ये धर.

गळ्यात जो बिल्ला घालायला देतात त्यावर क्यूआर असतो, तो प्रत्येक स्टॉलवाला स्कॅन करू बघेल, पेन देतो, पिशवी देतो म्हणून. स्कॅन म्हणजे तुझा नंबर आणि ईमेल त्याच्याकडे गेला, मग महिनोन्‌महिने फोन. रजिस्ट्रेशनला वेगळा ईमेल दे. पिशव्या घरात पुष्कळ आहेत.

परत येताना गाडीत झोपायच्या आधी वही काढ. ऐकलेल्यातलं जे जे भारी वाटलं त्याच्यापुढं फक्त एवढंच लिही की हे माझ्या ७९ मध्ये बसतं का. बसत नसेल तर खोड. दहातलं आठ खोडशील, खोड. उरलेल्या दोनातलं एक घे, त्याला पैसे ठरव, समज पाच हजार, आणि तारीख ठरव, आणि त्या तारखेला कितीही मोह झाला तरी थांबून हिशोब कर. हे सगळं दिवाळीच्या बरंच आधी उरक, कारण दिवाळीच्या तोंडावर मोठे ब्रँड सगळे जाहिरातीत उतरतात आणि लिलाव तुला परवडणार नाही, तेव्हा प्रयोग करायचे नसतात, माल पाठवायचा असतो.

तू म्हणशील काका, ७९ मध्ये काहीच बसत नाही, मग धंदा करायचा की नाही? तर बघ, दोन पाकिटं एकदम विकलीस तर १३०० येतात. काजू ८६०, पाउच आणि खोका मिळून ४०, कुरिअर समज ९५, गेटवे ३०, जीएसटी ६२. उरले २१३. दोन वेगळ्या ऑर्डरीत १५८ उरले असते. म्हणजे नुसता एक किलोचा कॉम्बो पुढं ठेवला तर जाहिरातीला थोडी जागा मिळते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुना ग्राहक, ज्याला परत आणायला जाहिरात लागतच नाही. गेल्या दिवाळीत ज्यांनी घेतलं त्यांचे नंबर तुझ्याकडे आहेत ना? त्यातल्या किती जणांनी परत घेतलं? हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, आणि मला शंका आहे की तू बघितलंच नाहीस.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ब्रॉडकास्ट लिस्ट कर, पण एका लिस्टमध्ये २५६ च लोक बसतात आणि ज्यानं तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाक, नंबर सेव्ह करा, नव्या हंगामाचा काजू आला की आधी तुम्हाला कळवू. आणि विचारून, परवानगी घेऊनच मेसेज कर, २०२३ मध्ये डेटाचा कायदा आलाय, आणि कायदा नसता तरी सकाळी सकाळी गुड मॉर्निंगबरोबर ऑफर पाठवणाऱ्याला लोक ब्लॉकच करतात. इन्स्टाचे फॉलोअर चांगलेच, पण ते इन्स्टाचे. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्या गावागावातली लाखो फॉलोअरवाली पोरं एका रात्रीत शून्यावर आली. चिठ्ठीवाले दोनशे लोक तुझे असतात.

तिकिटाचं म्हणशील तर साधं काढ, ते व्हीआयपी नको, त्यात जेवण वेगळ्या हॉलमध्ये असतं आणि तुला ज्यांच्याशी बोलायचंय ते लोक साध्या हॉलमध्ये जेवतात. लवकर काढलंस तर स्वस्त पडेल, पण आधी शीट कर, हिशोबाची, आणि मला पाठव, ७९ आहे की ४९ आहे की आपण दोघं उगाच चिंता करतोय ते बघू. जुन्या ग्राहकांचा आकडा पण त्यातच टाक. रविवारी सकाळी फोन कर, दहाच्या आधी, नंतर मी बाजारात असतो. आणि बाबांना सांग, मागच्या खेपेचा तुकडा काजू संपलाय, बर्फीला तोच लागतो, बिल लावून पाठवा म्हणावं.

तुझा,
काका